पाककृतीची साक्ष

किनाऱ्यावरची घरगुती खानावळ बंद झाली की मागे फार थोडं उरतं. पाटी उतरते, गाळा भाड्यानं जातो, टोप आणि पराती कुणा नातेवाइकाकडे किंवा भंगारात जातात. गिरगावात खोताच्या वाडीतलं अनंताश्रम मासळीच्या जेवणासाठी कितीतरी वर्षं गाजलं. आता ते नाही, आणि त्याच्याबद्दल जे सांगितलं जातं त्यात कौतुक भरपूर आणि तपशील थोडा असतो. मालवण-वेंगुर्ल्यापासून दादर-गिरगावापर्यंत बंद पडलेल्या किंवा बंद पडू पाहणाऱ्या बहुतेक खानावळींची हीच गत. अशा कुटुंबातल्या पुढच्या पिढीच्या मनात मग एक पुस्तक येतं : आजीच्या पाककृती, आजोबांच्या आठवणी, मधेमधे जुने फोटो. ते लिहावं का, आणि लिहायचं तर कसं, असा हा वाद आहे. जुन्या रीतीप्रमाणे आधी पूर्वपक्ष, मग उत्तर. पूर्वपक्ष माझा नाही; पण तो लेचापेचा करून मांडला तर उत्तरालाही किंमत राहणार नाही, म्हणून त्याला बोलायला पुरती जागा दिली आहे.

पूर्वपक्ष : अहो, चव लिहिता येत नाही, हे आधी मान्य करा. बांगड्याच्या कढीत तिरफळं किती घालायची असं विचारलंत तर किनाऱ्यावरची कुठलीही बाई ‘बेतानं’ एवढंच सांगेल. तो बेत तिच्या हाताला ठाऊक असतो. मासा आज सकाळचा की काल संध्याकाळचा, नारळ कोवळा की जून, मिरची यंदाची की गेल्या वर्षीची, यावर रोजचं माप बदलतं, आणि ती ते वासावरून नि रंगावरून ओळखते. तुम्ही ‘आठ मिरच्या, दोन चमचे धने’ असं छापलंत की वाचणाऱ्याला वाटणार, खानावळ हाती आली. तो घरी करून बघणार, जमणार नाही, आणि बोल आजीच्या हाताला लागणार. शिवाय खानावळ म्हणजे नुसतं कालवण असतं का? बाकांवर दाटीनं बसलेली माणसं, वाढप्याची घाई, फळ्यावर लिहिलेले मासे, दीड वाजता ‘सुरमई’ या ओळीवरून फिरलेला ओला हात, हे कुठल्या मापात बसवणार? पकडायला जाल तर हाती हळहळ येईल, आणि हळहळीच्या पुस्तकांची मराठीत वाण नाही. ज्यांनी खाल्लं त्यांच्या जिभेवर राहू द्या. त्या जिभा जातील तेव्हा आठवणही जाईल. सगळंच टिकवलं पाहिजे असा कुठं नियम आहे?

उत्तर : हाताची चव मी नाकारत नाही. पण पाककृती छापायची ती तीच चव परत मिळावी म्हणून, हे तुम्ही गृहीत धरलंत. मला ती साक्षीसाठी हवी आहे. ‘तशी कढी पुन्हा कुठं खाल्ली नाही’ या वाक्याचं खरंखोटं कुणालाच करता येत नाही. पाककृतीतलं वाक्य चुलीवर ठेवून तपासता येतं, आणि तपासायला बसलं की न विचारलेल्या प्रश्नांचीही उत्तरं त्यातून निघू लागतात. बांगड्याचं साधं तिकलं घ्या. ओलं खोबरं, भिजवलेल्या सुक्या मिरच्या, थोडे धने आणि हळद गंधासारखं वाटायचं. वाटप टोपात पाण्यात कालवायचं, त्यात ठेचलेली तिरफळं, आमसुलं आणि मीठ घालायचं. उकळी फुटली की बांगडे सोडायचे, आणखी एक-दोन उकळ्या आल्या की खाली उतरवायचं. डाव घालून ढवळायचं नाही, मासा मोडतो. टोप फडक्यानं दोन्हीकडून धरून हलवायचा. तेल नाही, फोडणी नाही. एवढ्याशा कृतीत किती माहिती आहे पाहा. बांगडा मुळात तेलकट, म्हणून वरून तेलाची गरज नाही. आणि नारळ परसातला असला तरी तेलासाठी खोबरं सुकवून घाण्यावर न्यावं लागे, तेव्हा तेल जपून वापरण्याची सवय पक्की. आमसुलाचं काम आंबटपणावर संपत नाही. माशाला उग्र वास देणारी द्रव्यं आम्लानं दबतात, आणि आंबट-खारट कालवण बर्फ-फ्रीज नसलेल्या घरातही दुसऱ्या दिवसापर्यंत तग धरतं. तिरफळाची बी कडवट, म्हणून ती काढून टाकायची आणि साल नुसती ठेचायची.

आता हीच कृती खानावळीत न्या. पन्नास माणसांच्या कढीचा टोप फडक्यानं धरून हलवणं कुणाच्या मनगटाला झेपेल? तिथं रस आधी उकळून ठेवतात आणि बांगडे गिऱ्हाईक येईल तसे घाण्याघाण्यानं त्यात सोडतात. रस मग बारीक आचेवर दुपारभर राहतो, आटतो, प्रत्येक घाण्यागणिक माशाचा अंश त्यात उतरतो. पहिल्या पंगतीला मिळालेली कढी आणि अडीच वाजता मिळालेली कढी एक नसते. उशिरा येणाऱ्याची दाट आणि तिखट असते. खानावळीची कढी घरच्यापेक्षा वेगळी का लागते याचं निम्मं उत्तर टोपाच्या आकारात आहे. कुटुंबाच्या पुस्तकात मात्र सहसा काय होईल? चार माणसांच्या मापाची घरगुती कृती छापली जाईल आणि वर खानावळीचं नाव येईल. ते पुस्तक रुचकर असेल, पण खानावळीबद्दल खोटं असेल. मोठ्या टोपाची कृती, तिच्यातल्या तडजोडींसकट, छापली तर मात्र ते जिभेपेक्षा जास्त सांगेल. तुमच्या फळ्यावरची ती पुसलेली ओळसुद्धा त्यात येईल, कारण सुरमई दीड वाजता का संपते हे खरेदीच्या आकड्यात लिहिलेलं असतं.

पूर्वपक्ष : ठीक, साक्ष म्हणा. पण साक्षीदार कोण? पुस्तक लिहिणार गल्ल्यावर बसलेल्याचा मुलगा किंवा नातू. त्यात आजोबा कोकणातून कसे आले, पहिली जागा कशी मिळाली, कोण कोण नामांकित माणसं जेवून गेली, हे सगळं येईल. आजी एका प्रकरणात येईल, तेही अन्नपूर्णा म्हणून. पहाटे मासे साफ करणारी, दुपारी भांडी घासणारी, पाट्यावर बसणारी बाहेरची माणसं तर आभाराच्या पानावरही येणार नाहीत. ‘घरगुती’ या कौतुकाखाली बिनपगारी राबणूक झाकली जाते. सुनेला पगार नाही, कारण ती घरची. गावाहून आणलेल्या पोराला पगार थोडा, कारण तोही घरच्यासारखा. अशा पुस्तकातली पाककृती म्हणजे एकीच्या हातची विद्या दुसऱ्याच्या नावावर चढवणं. तुमच्या साक्षीनं अन्याय पक्का होतो. न लिहिलेलं बरं.

उत्तर : तुमच्या आक्षेपांत हा सगळ्यात वजनदार. त्यानं पाककृतीची गरज कमी होत नाही, वाढते. आठवण श्रम सहज झाकते. पाककृतीला ते जमत नाही. ‘कोलंबी सोलून, धागा काढून घ्यावी’ हे पाच शब्द घरच्या मापात दहा मिनिटांचं काम आहेत. चाळीस थाळ्यांच्या मापात ते दोन माणसांची अख्खी सकाळ खातात, आणि बोटं सोलवटतात ती वेगळीच. तिसऱ्या धुऊन, उकडून एकेक शिंपली उघडणं, कर्लीचे काटे तुटावेत म्हणून तिला बारीक तिरके काप देणं, वाटप पाट्यावर वाटायचं तर किती नारळ किती वेळ, ही सगळी क्रियापदं आहेत आणि प्रत्येक क्रियापदाला कर्ता लागतो. आपल्या पाकपुस्तकांची ‘घ्यावे, घालावे, परतावे’ ही भाषा कर्ता गाळून टाकते. खानावळीच्या पुस्तकात तो परत आणायचा : हे कोण करायचं, किती वाजता, कशाच्या मोबदल्यात. नातवानं आजीला देव्हाऱ्यात बसवण्याऐवजी तिच्या दिवसाचं वेळापत्रक लिहावं.

हे घडू शकतं याला मुंबईतच पुरावा आहे. गिरणगावात कोकणातून आलेल्या कामगारांना खोलीतल्या खोलीत जेवू घालणाऱ्या बायकांचा धंदा कित्येक दशकं कुणाच्या हिशेबात नव्हता. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या खानावळवाल्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकांकडून कर्ज मिळवून द्यायला सुरुवात केली. कर्ज मागायचं तर धंदा मांडून दाखवावा लागतो : जेवणारे मेंबर किती, धान्याला किती लागतात, वाण्याची उधारी किती, सावकाराचं व्याज किती. हिशेब झाला, आणि जी बाई तोवर ‘घरात चार माणसं जेवायला असतात’ एवढंच सांगायची, ती धंदा करते हे दिसू लागलं. पुढे १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. त्यांच्या जेवणावर चालणाऱ्या खोल्यांचं काय झालं असेल हे समजायला या हिशेबाची चौकट लागते. ‘त्यांच्या हातच्या सुक्या बोंबलाची चव’ या आठवणीतून ते कळत नाही.

आपल्याकडे पाककृती लिहून ठेवण्याची परंपरा आहेच. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया’ १९१० चं, आणि पाठारे प्रभूंच्या स्वयंपाकघराबद्दल ते आजही बोलतं. कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’नं १९७० मध्ये वाटी-चमच्याचं माप घराघरांत पोचवलं, आणि ‘बेतानं’ हे उत्तर ऐकून बिचकणाऱ्या नव्या पिढीला स्वयंपाक शिकता आला. ही दोन्ही पुस्तकं घराची आहेत. पाककृती समाजाबद्दल साक्ष देऊ शकते हे शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’नं २०१५ मध्ये दाखवलं, ते मराठवाड्यातल्या दलितांच्या जेवणाबद्दल आहे, किनाऱ्याशी त्याचा संबंध नाही. पण काय खाल्लं जात होतं आणि का, हे कृतीसकट लिहिलं की कौतुकाचा आणि किळसेचा असे दोन्ही पडदे बाजूला होतात, ही त्यातली रीत खानावळीलाही लागू आहे. पाकपुस्तकात घर येतं, आत्मचरित्रात मालक येतो. दोन्हींच्या मधे उभी असलेली खानावळ अजून तिच्या मापानं लिहिलेली नाही.

पूर्वपक्ष : तुम्ही ‘ती’ खानावळ म्हणता, पण ती कुठली? चाळीस वर्षांत तिची थाळी दहा वेळा बदलली असेल. पाट्याचा मिक्सर झाला, चुलीचा गॅस झाला, घरी कुटलेल्या मसाल्याच्या जागी पाकीट आलं. पूर्वी बांगडा आणि तारली देणारा आज सुरमई, पापलेट आणि कोलंबी देतो. यातली कुठली पाककृती खरी धरणार? जुनी छापलीत तर तो मासा बाजारात नाही. नवी छापलीत तर ती शेजारच्या कुठल्याही हॉटेलात मिळते. मग ‘अस्सल मालवणी’ नावाचं एक भूत उभं राहतं, जे कुणीच कधी खाल्लेलं नसतं, आणि चालू खानावळींना त्या भुतापुढे कमीपणा घ्यावा लागतो. जे बदलत आलं ते बदलू द्या. बंद पडलेल्यांतल्या काही बंद पडायच्याच लायकीच्या होत्या, हेही बोलून टाका.

उत्तर : शेवटचं वाक्य मी आनंदानं मान्य करतो. बंद पडणं म्हणजे हौतात्म्य नाही. कुणाची पोरं शिकली आणि पहाटे बंदरावर जायला तयार झाली नाहीत, तर त्यात रडण्यासारखं काही नाही. पण बदलाचं म्हणाल तर पाककृतीला काळ जोडला की हा प्रश्न सुटतो. तारीख नसलेली पाककृती अर्धी साक्ष. ‘आमची माशाची थाळी’ असं लिहू नये. अमुक सालची, अमुक महिन्यातली थाळी लिहावी. मग थाळीचा बदल हाच पुस्तकाचा कणा होतो. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढली जाते तिच्यात बांगडा, तारली, पेडवे असा मासा मोठ्या प्रमाणात येतो. तो स्वस्त, काटेरी, आणि लगेच खपवावा लागणारा. स्थानिक गिऱ्हाइकाला काट्याचं भय नसतं. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली, आणि ताटापुढे बसणारा माणूस बदलला. त्याला नाव ठाऊक असलेला, काटा कमी असलेला, तळून ताटात मोठा दिसणारा तुकडा हवा होता. सुरमई अशी थाळीच्या मधोमध आली. म्हणजे मालकाची आवड बदलली म्हणून थाळी बदलली असं नाही. गाडी बदलली, गिऱ्हाईक बदललं आणि त्यांनी मासा बदलून घेतला. जुनी आणि नवी पाककृती शेजारीशेजारी, सालासकट ठेवली तर हे कुणालाही दिसेल, आणि ‘अस्सल’चं भूत आपोआप उतरेल.

माशाच्या टंचाईचंही तेच. १ जून ते ३१ जुलै या काळात पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. पावसाळ्यात समुद्र तसाही खवळलेला, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या वर ओढून ठेवायची रीत या कायद्यापेक्षा कितीतरी जुनी. मग जुलैमध्ये खानावळ काय वाढायची? सुकट, सोडे, खारा बांगडा, पहिल्या पावसात ओढ्यांना चढणारे मासे. सुका मासा मे महिन्यात वाळवून, भरून ठेवायचं काम असे. श्रावण आला की मासे खाणारं बरंच गिऱ्हाईक गळतं, तेव्हा काळ्या वाटाण्याचं सांबार चुलीवर चढे, तेही कोंबडीला लागणाऱ्याच भाजक्या वाटपात. आज फ्रीजरमुळे जुलैतही सुरमई मिळते आणि पावसाळी पदार्थ थाळीतून गळाले. एखाद्या पुस्तकात सुक्या माशाची एकही कृती नसेल तर ते गेल्या काही वर्षांतल्या खानावळीचं आहे, मग मुखपृष्ठावरचा फोटो कितीही जुना असो. महाराष्ट्रानं २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध आणले, २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा केलं. दोन्हींच्या मागे मासा आटत चालल्याची काळजी आहे. या सरकारी निर्णयांची दुसरी बाजू खानावळीच्या खरेदीच्या वहीत असते : पापलेट केव्हापासून तळहाताएवढं यायला लागलं, केव्हापासून ते साध्या थाळीतून उठून ‘स्पेशल’मध्ये गेलं, आणि केव्हा फळ्यावर त्याच्यापुढे दर लिहिणं बंद करून ‘आकारानुसार’ लिहायची वेळ आली.

सोलकढीचंही उदाहरण देतो, कारण ती फुकटची म्हणून कुणी तिच्याकडे साक्षीदार म्हणून पाहत नाही. रतांबे उन्हाळ्याच्या अखेरीस पिकतात. त्यांची साल मीठ-रस लावून वाळवली की आमसूल, आणि रस मिठात मुरवून ठेवला की आगळ. घरी नारळाचं दाट दूध काढून त्यात आमसुलांचं पाणी, लसूण, मिरची, मीठ एवढं घातलं की झालं. नारळाचं दूध जास्त वेळ उभं राहिलं तर फाटतं किंवा आंबतं, म्हणून ती ऐनवेळी करायची. खानावळीत शंभर वाट्या ऐनवेळी होत नाहीत. मग पहिलं दूध किती आणि पाणी घालून काढलेलं दुसरं-तिसरं किती, आमसूल भिजवायचं की सरळ आगळ ओतायचं, रंग फिका पडला तर काय करायचं, असे प्रश्न रोज सकाळी सोडवावे लागतात. त्या उत्तरांवर नारळांची संख्या ठरते. जेवणाबरोबरची वाटी ज्या दिवशी मोजून मिळू लागते आणि दुसऱ्या वाटीचे पैसे पडू लागतात, त्या दिवशी खानावळीचं हॉटेल झालेलं असतं. हा बदल कुणी भाषणात सांगत नाही. पाककृतीत तो दुधा-पाण्याच्या प्रमाणात नोंदलेला असतो.

पूर्वपक्ष : तुमचं म्हणणं ऐकायला बरं आहे, पण व्यवहाराचं बोला. ज्यांची खानावळ अजून चालू आहे ते मसाल्याचं प्रमाण तुम्हाला का देतील? उद्या समोरच्या गल्लीत तीच थाळी पन्नास रुपये कमी दरानं सुरू होईल. आणि ज्यांची बंद झाली त्यांच्या पुस्तकाला प्रकाशक मिळायचा तर त्यात गोष्ट हवी, माणसं हवीत, तोंडाला पाणी सुटलं पाहिजे. मासळीचे दर, उधारी, नारळांचा हिशेब कोण वाचणार? तुम्ही पुस्तक लिहायला सांगताय की ताळेबंद? शिवाय पाककृतीला सगळं बोलता येतं हाही तुमचा भ्रम आहे. जुन्या मुंबईत कुणाची खानावळ कुणासाठी होती, कोण आत बसू शकत होतं आणि कुणाला दारातून परत पाठवत, हे कुठल्या वाटपात लिहिलंय?

उत्तर : तीनही गोष्टींत थोडं थोडं तुमच्या पदरात टाकतो. मसाल्याचं प्रमाण ज्याला राखून ठेवायचं त्यानं खुशाल राखावं. चालत्या धंद्यानं आत्मघात करावा असं कुणी म्हणत नाही. पण गुपित तिथंच असतं हा समज तपासून पाहण्यासारखा आहे. मालवणी मसाला किनाऱ्यावर घरोघर होतो, प्रत्येक घरचं प्रमाण वेगळं, आणि त्यातली बरीच बरी असतात. समोरच्या गल्लीतल्याला अडतं ते मसाल्यापाशी नाही. लिलावात कुठली पाटी उचलायची, कुठली सोडायची; आठवड्याचे वार पाहून खरेदी कशी कमीजास्त करायची, कारण बुधवार, शुक्रवार, रविवारी मासा खपतो आणि सोमवार-गुरुवारी उरतो; मोठ्या सुरमईचं डोकं, शेपटी आणि पोटाकडचा भाग बाजूला काढल्यावर किती तुकडे पाडायचे आणि तुकडा किती जाड ठेवायचा म्हणजे गिऱ्हाइकही राजी आणि गल्लाही राजी; उरलेली डोकी कढीत घालायची की वेगळी विकायची. हे सगळं छापलं तरी चोरता येत नाही, कारण ते रोज करावं लागतं. मसाला छापल्यानं खानावळ बुडत नाही, कारण ती मुळातच मसाल्यावर उभी नसते.

वाचकाबद्दल बोलायचं तर हिशेब रुक्ष असतो हे मला पटत नाही. उधारीच्या वहीत महिनाअखेरचा माणूस दिसतो, खाड्यांच्या नोंदीत गणपतीला आणि शिमग्याला गावी गेलेला मेंबर दिसतो. ज्या महिन्यात सगळेच खाडे आहेत त्या महिन्यात काहीतरी घडलेलं असतं, संप, पूर, साथ, आणि वाचक ते शोधत पान उलटतो. यात गोष्ट आहे, माणसंही आहेत. नसतो तो त्यांच्यावर ओतलेला पाक. आणि तोंडाला पाणी सुटायचंच तर मोठ्या टोपातल्या कढीचं नेमकं वर्णन ते काम विशेषणांपेक्षा चोख करतं.

तिसरी गोष्ट मात्र पूर्ण मान्य. पाककृती मुकी असते अशा जागा आहेत, आणि कोण पंगतीला होतं ही त्यातली सगळ्यात मोठी. जुन्या शहरांतल्या खानावळी बऱ्याच अंशी जातीपातींनी वाटलेल्या होत्या, आणि ‘आमच्याकडे सगळे यायचे’ हे वाक्य कुटुंबं सहज लिहून जातात. इथं आठवणीला कामाला लावायचं. पण आठवणीनं नेमकं याच ठिकाणी बोलावं असं वाटत असेल, तर चवीचं कौतुक तिच्या डोक्यावरून उतरवलं पाहिजे. आज आठवण चवीबद्दल बोलते, जिथं तिचा शब्द तपासता येत नाही, आणि माणसांबद्दल गप्प राहते, जिथं तिच्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही. कामाची वाटणी उलटी झाली आहे. चव, श्रम, ऋतू आणि दर यांची साक्ष पाककृतीकडे आणि वहीकडे सोपवावी. कुणाला वाढलं, कुणाला नाही, कुणाचे पैसे बुडाले आणि कुणाचे बुडवले, हे आठवणीनं सांगावं. ज्या घराला एवढं सांगायचं धैर्य नाही त्यानं नुसतं पाकपुस्तक काढावं. तेही उपयोगी पडतं, फक्त त्याला खानावळीचा इतिहास म्हणू नये.

पूर्वपक्ष : म्हणजे शेवटी तुमची कसोटी काय? चांगलं पुस्तक ओळखायचं कसं?

उत्तर : एक सोपी, थोडी कोरडी कसोटी सुचवतो. पुस्तक वाचून वाचकाला त्या खानावळीत जेवावंसं वाटलं, एवढ्यावर ते पास होत नाही. ते तर जाहिरातीनंही साधतं. कुडाळ-कणकवलीकडच्या एखाद्या बाईनं, जिच्याजवळ थोडी जागा, दोन शेगड्या आणि मदतीला एक माणूस आहे, ते वाचावं आणि तिला ठरवता यावं की असा धंदा आपण काढावा की काढू नये. पहाटे किती वाजता उठायचं, पहिल्या पावसाळ्यात काय वाढायचं, किती ताटांखाली परवडत नाही, कुणाचा हात बिनपगारी धरला तर घर मोडतं, हे तिला त्यातून कळलं पाहिजे. वाचून ती ‘नको’ म्हणाली तरी पुस्तक यशस्वी, कारण जी खानावळ चाळीस वर्षं चालली ती कशाच्या जोरावर चालली हे तिला आकळलं. जिला हे ठरवता येणार नाही, तिच्या हाती आपण चवीचं कौतुक दिलेलं असेल. खानावळ दिलेली नसेल.